एकोणसत्तर नंबरचं पाणी

मैलापूर, मद्रास
रविवार, ७ एप्रिल १९६३

उमाकांत,

नमस्कार लिहीत नाही. पंचवीस वर्षं लिहिला नाही, आज कुठून आणू? कामापुरतं लिहितो.

तुला आमच्या चंद्रमौळी साहेबांचं पत्र आलं असेल, नाहीतर दोन-चार दिवसांत येईल. साहेब कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरात बसवेना म्हणून त्यांनी रेल्वे संग्रहालयाचं खूळ काढलं. पेरंबूरच्या पलीकडे एक जुनं शेड पडून होतं, ते मागून घेतलं. जुने सिग्नल, कंदील, घंटा, तिकिटांचं यंत्र असं काय काय आणून ठेवलं आहे. आणि मधोमध आपलं एकोणसत्तर नंबरचं इंजिन. ते पुन्हा चालतं करून ९ जूनला, उद्घाटनाच्या दिवशी, शेडपासून फाटकापर्यंत तीन फर्लांग न्यायचं आहे. त्यासाठी त्यांना या इंजिनावर काम केलेला ड्रायव्हर हवा आहे. पत्र फार गोड असेल, साहेब सगळ्यांशीच गोड बोलतात. तू एका ओळीत 'जमत नाही' म्हणून कळव.

ड्रायव्हर इथे आहे. मी जिवंत आहे. जानेवारीपासून दर रविवारी आणि मध्ये दोन दिवस मी त्या शेडमध्ये जातो आणि त्या इंजिनाच्या पोटात शिरून गंज खरवडतो. फुकट. आम्ही पाच जण आहोत, सगळे फुकटे. एक पोस्टातला, एक शाळामास्तर, एक लोहार राणोजी, मी, आणि बँकेतला प्रतापसिंह. हा प्रतापसिंह पंचेचाळिशीचा आहे, जन्मात कधी फावडं धरलेलं नाही, पण इंजिनापुढे आला की देवळात आल्यासारखा चपला काढतो. त्याला मी फायरमनचं काम शिकवतो आहे. तुझा पत्ता शोधून काढण्याचा उद्योग त्याचाच. साहेबांना जुन्या नोंदवहीत तुझं नाव सापडलं. मला विचारलं, तर मी म्हटलं ठाऊक नाही. या शहाण्यानं थेट मिरजेच्या शेडला पत्र टाकलं आणि तू तिथे ड्रायव्हर झाल्याचं काढून आणलं.

तू म्हणशील, मी का येऊ नये. तुला विचारण्याचं तोंड आहे का? १९३८ साली तू माझा फायरमन होतास, आणि चौकशीच्या टेबलापुढे उभा राहून तू मला खोटारडा म्हणालास. चेंगलपट्टूच्या पुढच्या चढावर बॉयलरमधलं पाणी उतरलं, भट्टीच्या माथ्यावरचा शिशाचा प्लग वितळला, सगळी वाफ भट्टीत घुसली आणि गाडी भर उन्हात तीन तास उभी राहिली. तू म्हणालास, पाणी उतरतं आहे अशी मी हाक दिली होती, ड्रायव्हर 'पाहिलं' म्हणाले. मी म्हणालो, हाक दिली नाही. चौकशीवाल्यांनी माझं ऐकलं. तुला पुन्हा इंजिनं पुसायला लावलं, तो त्यांचा हुकूम, माझा नव्हे. तू राग धरून मिरजेला निघून गेलास. जाताना माझ्या उंबऱ्यावर उभा राहून माझ्या बायकोच्या पाया पडलास आणि माझ्याकडे पाठ केलीस. तीन वर्षं माझ्या घरी जेवला होतास.

तर येऊ नकोस. इथे ऊन भयंकर आहे.

राघोत्तम राव

मैलापूर
रविवार, २१ एप्रिल १९६३

उमाकांत,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. 'साहेबांना होकार कळवला आहे. उन्हाची भीती मिरजेच्या माणसाला घालू नये. वहिनींना साष्टांग. तुमचे डोळे कसे आहेत?'

माझ्या डोळ्यांबद्दल तुला कोणी सांगितलं? मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग घरातच विचारलं. विशालाक्षी भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "कुमुदिनीला मीच लिहिलें." म्हणजे तुझ्या बायकोला. मी विचारलं, कधीपासून लिहितेस? तर म्हणाली, "ती मिरजेला गेली तेव्हांपासून. दर दिवाळीला, दर पोंगलला. तुम्हीं कधीं विचारलें नाहींत." पंचवीस वर्षं माझ्या घरातून तुझ्या घरी पत्रं जात होती आणि पोस्टमनला ठाऊक होतं, मला नाही. तुझ्या मुलीच्या मुंजीच्या वयाच्या मुलाचं नावसुद्धा तिला पाठ आहे. मला हे असं माझ्याच घरात परकं करून ठेवण्यात तुम्हा तिघांना फार मजा आली असेल.

डोळे उत्तम आहेत. उजव्यात थोडा मोतीबिंदू आहे, डाव्यात त्याहून थोडा. या वयात कोणाला नसतो? इंजिन डोळ्यांनी चालवत नाहीत, हातांनी आणि कानांनी चालवतात. रेग्युलेटरच्या दांड्यावर हात ठेवला की मला कळतं भट्टीत काय चाललं आहे. तू कधी त्या थराला पोचला नाहीस.

आणि साहेबांना मी सांगून टाकलं आहे की तुझं मला वेगळं पत्र आलं, तुला दम्याचा त्रास आहे, तू येऊ शकत नाहीस, फक्त भिडेनं होकार कळवलास. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, मग राघोत्तम राव, तुम्हीच चालवा. हे तुला कळवतो आहे, लपवत नाही. तू पुन्हा त्यांना लिहिलंस तर मी म्हणेन, दम्याचा माणूस हट्टी असतो.

राघोत्तम राव

मैलापूर
बुधवार, ८ मे १९६३

उमाकांत,

तुझं उत्तर नाही. बरं केलंस.

कत्तिरी लागली. तू विसरला असशील, मद्रासच्या उन्हाळ्याचे हे पंचवीस दिवस कसे असतात. शेडचे पत्रे सकाळी नऊलाच तापतात. आम्ही गोणपाट भिजवून खिडक्यांना लावतो, ते तासाभरात वाळून कडक होतं. मास्तर ताक आणतो. प्रतापसिंहानं बँकेतून महिन्याची रजा टाकली आहे, ती या कामासाठी. त्याची बायको त्याच्याशी धड बोलत नाही म्हणे. काल मी बॉयलरच्या आत होतो आणि तो बाहेरून दिवा धरून होता. मी आतून ओरडलो, दिवा हलवू नको. तर हा म्हणतो, "अण्णा, दिवा हालत नाहीं, माझा हात कांपतो आहे." हसू आलं मला. असा माणूस आहे.

त्याला मी सगळं आपल्या पद्धतीनं शिकवतो. फायरमननं बॉयलरच्या काचेच्या नळीत पाणी बघायचं आणि बोटं मोजून हाक द्यायची, 'पाणी चार बोटं', 'पाणी दोन बोटं'. ड्रायव्हरनं स्वतः वळून काचेकडे बघायचं आणि मग 'पाहिलं' म्हणायचं. एकदा 'पाहिलं' म्हटलं की पाण्याचा भार ड्रायव्हरवर. चढावर गार पाणी आत सोडलं की वाफ पडते, म्हणून सोडायचं की थांबायचं हे ड्रायव्हर सांगेल, फायरमननं आपल्या मनानं हात लावायचा नाही. बाकीच्या शेडमध्ये कोणी इतकं कडक पाळत नव्हतं. आपण पाळत होतो. मी तुला शिकवलं तेव्हा तू वीस वर्षांचा होतास आणि पहिल्या दिवशी 'पाणी' इतक्या मोठ्यानं ओरडलास की गार्ड धावत आला.

एक गोष्ट सांगतो, हसायचं असेल तर हस. काचेच्या मागे जी तिरप्या पट्ट्यांची पाटी असते, पाण्यातून पट्ट्या जाड दिसतात आणि पाणी नाही तिथे बारीक, ती पाटी मी नव्यानं रंगवली. पट्ट्या अंगठ्याएवढ्या जाड केल्या. साहेबांनी विचारलं, पूर्वी अशाच होत्या का? मी म्हटलं, अशाच होत्या. संग्रहालयात आता ती पाटी 'मूळ नमुन्याप्रमाणे' अशा चिठ्ठीसह राहणार आहे. सकाळच्या वेळी मला त्या पट्ट्या दिसतात. ऊन वर आलं की काच नुसती चकाकते.

१९ तारखेला पहिल्यांदा वाफ धरायची आहे. साहेब म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला आणा, नियम आहे. मी म्हटलं, आणतो. आमच्या गल्लीतल्या गुरुराज डॉक्टरनं दिला. तो पोटाचा डॉक्टर आहे, पण डॉक्टर आहे.

मला ते इंजिन एकदा चालवायचं आहे, उमाकांत. एवढंच. तीन फर्लांग. १९३८ च्या त्या दिवसानंतर मला त्यावर कोणी चढवलं नाही. आरोप नव्हता, शिक्षा नव्हती, तरी मला दुसरी इंजिनं देत राहिले. फोरमन माझ्याशी नीट बोलायचा, पण एकोणसत्तर नंबर नेहमी दुसऱ्याच्या नावावर लागायचं. का, ते कधी कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

राघोत्तम राव

मैलापूर
सोमवार, २० मे १९६३

उमाकांत,

तुला बातमी दुसरीकडून कळण्याआधी मी लिहितो. घरातून तुला पत्र गेलंच असेल, पण ते बाईमाणसाचं ऐकीव.

काल वाफ धरली. सकाळी सहाला भट्टी पेटवली, साडेनऊपर्यंत वाफ चढली. मी रेग्युलेटरवर, प्रतापसिंह भट्टीवर. शेडच्या आवारात चार वेळा पुढे नेलं, चार वेळा मागे आणलं. शिट्टी वाजली तेव्हा राणोजी रडला. सगळं व्यवस्थित होतं. अकराच्या सुमाराला प्लग गेला. भट्टीच्या तोंडातून वाफ बाहेर आली, प्रतापसिंह नेमका कोळसा टाकायला वाकला होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि थोडी हनुवटी. चेहरा वाचला. मी भट्टीचं दार लोटून त्याला खाली ओढलं.

साहेबांनी मला विचारलं, पाणी उतरलं कसं? मी सांगितलं, त्यानं हाक दिली नाही. नवीन माणूस, गोंधळला. साहेबांनी त्याला घरी पाठवलं आणि पुन्हा इंजिनाकडे येऊ नका म्हणून सांगितलं. राणोजी म्हणतो, नवा प्लग बसवायला आठ दिवस लागतील. ९ जून चुकणार नाही.

तू आता मिरजेत बसून काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतं. म्हण. फायरमन चुकत नाहीत, असं कुठे लिहिलं आहे? तू देव होतास का? दोन माणसांनी चूक केली आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर मीच होतो, याचा अर्थ काहीही होत नाही.

घरी आलो आणि सांगितलं. विशालाक्षीनं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हणाली, "पुन्हां तेंच केलेंत कीं हो?" तेवढंच. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी विचारलं, तेंच म्हणजे काय? पंचवीस वर्षं जिनं एकदाही 'तुमचं खरं का त्याचं' असं विचारलं नाही, तिनं विचारलं नव्हतं कारण तिला विचारायची गरजच नव्हती, हे मला ताट समोर असताना कळलं. मी जेवलो. उठून जाणं जास्त वाईट दिसलं असतं.

राघोत्तम राव

मैलापूर
सोमवार, २७ मे १९६३

उमाकांत,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो, तू सरळ वाच.

काल प्रतापसिंहाला बघायला ट्रिप्लिकेनला गेलो. मला वाटलं होतं, तो भांडेल. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो. त्याची बायको दार उघडून आत निघून गेली. तो खाटेवर बसला होता, हात बांधलेला, उठून उभा राहिला आणि डाव्या हातानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी म्हटलं, कसं आहे? म्हणाला, बरं आहे. मग बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. नंतर म्हणाला, "अण्णा, मी हाक दिली होती असें मला वाटत होतें. एक बोट पाणी म्हटलों, तुम्हीं पाहिलं म्हणालांत, असें अगदीं कानांत होतें. पण तुम्हीं साहेबांना सांगितलेंत म्हणजे मी दिली नसणार. माणूस घाबरला कीं मनानें कांहींतरी धरून बसतो. इंजिनाचें नुकसान झालें. मला क्षमा करा."

उमाकांत, त्यानं हाक दिली होती. 'अण्णा, पाणी एक बोट.' स्पष्ट, खणखणीत. मी वळून बघितलं. काच उन्हात नुसती चकाकत होती, पट्ट्या दिसल्या नाहीत, पाणी दिसलं नाही, काचसुद्धा धड दिसली नाही. 'मला दिसत नाही, तू सोड पाणी' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग साहेब म्हणाले असते, खाली उतरा. म्हणून 'पाहिलं' म्हणालो. तो माझ्या हुकमाची वाट बघत थांबला, कारण मीच त्याला थांबायला शिकवलं होतं.

मी त्याला खुर्चीवरून हे सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. तो ऐकत राहिला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाला, "तुमचें मन फार मोठें आहे, अण्णा. माझ्यासाठीं खोटें बोलूं नका." मी शपथ घेतली. तो माझीच समजूत घालायला लागला. त्याच्या बायकोला हाक मारून मला कॉफी द्यायला सांगितलं.

मग तिथून उठून तसाच साहेबांच्या घरी गेलो. त्यांना लिहून दिलं. डोळ्यांचं, पोटाच्या डॉक्टरच्या दाखल्याचं, तुझ्या दम्याचं आणि प्रतापसिंहाच्या हाकेचं. साहेब गोड बोलले नाहीत. म्हणाले, यापुढे इंजिनावर चढू नका. बरोबर आहे. मी म्हटलं, प्रतापसिंहाला पत्र पाठवा की दोष त्याचा नव्हता. त्यांनी आज सकाळी माणूस पाठवला. प्रतापसिंहानं पत्र वाचलं आणि म्हणाला म्हणे, अण्णांनीच साहेबांना असं लिहायला लावलं असणार.

आता तुझं. १९३८ ची गोष्ट मी त्याच कागदावर खाली लिहिली आहे, साहेबांच्या वहीत ती राहील, नक्कल सोबत जोडली आहे. पण कागदावर कारण लिहिलं नाही, ते तुला लिहितो. तू हाक दिली होतीस. मला ऐकू आली. तेव्हा माझे डोळे घारीसारखे होते, नुसती मान वळवायची होती. पण चेंगलपट्टू स्टेशनात तू त्या तिकीट तपासणाऱ्याला हसून सांगितलंस, आमच्या ड्रायव्हरसाहेबांची मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी. तो हसला. तू नेहमीच असं बोलायचास, घरीसुद्धा, आणि विशालाक्षीसुद्धा हसायची. त्या दिवशी मला लागलं. मी ठरवलं, आता मुक्कामापर्यंत याचं तोंड बघायचं नाही. आणि काच तुझ्या बाजूला होती. तू 'पाणी दोन बोटं' म्हणालास आणि मी सिग्नलकडे बघत 'पाहिलं' म्हणालो. बारा मैल मी तुझ्याकडे बघितलं नाही म्हणून काचेकडे बघितलं नाही. एवढ्यावरून तुझं फायरमनचं काम गेलं, हे कोणाला सांगायचं? चौकशीत मला कोणी विचारलं असतं, तर काय सांगणार होतो, की पुरणपोळीचा राग आला होता?

खोटं बोललो त्याची मला त्याच दिवशी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तुझा राग आला. तो राग अजून आहे. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि मी क्षमाबिमा मागत नाही, कारण तू 'असू द्या' म्हणालास तर मला ते सहन होणार नाही. तुझी ती हसण्याची खोड मला आजही आवडत नाही. तू आलास तर माझ्या घरी उतरू नकोस. म्हणजे विशालाक्षी उतरवून घेईलच, तेव्हा उतर, पण माझ्याशी गप्पा मारायला बसू नकोस.

पण ये. ९ जूनला इंजिन तू चालव. राणोजी प्लग बसवून ठेवेल. पट्ट्यांची पाटी पुन्हा मूळ मापाची करून घेतली आहे. मी फाटकाबाहेर लोकांमध्ये उभा राहीन, तिथून मला काही दिसणार नाही, आवाज येईल.

आणि एक दिवस आधी ये. स्टेशनवरून आधी ट्रिप्लिकेनला जा, प्रतापसिंहाच्या घरी. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तो दिवसभर खाटेवर बसून आठवायचा प्रयत्न करतो की त्या दिवशी त्याचं तोंड उघडलं होतं की नव्हतं. मी सांगतो ते त्याला माझा मोठेपणा वाटतो, साहेब सांगतात ती त्याला भीड वाटते. तुझ्या बाबतीत मी काय केलं ते त्याला सगळं सांग, माझा काही आब राखू नकोस. तू मिरजेला गेलास तेव्हा तुला निदान ठाऊक होतं की तू हाक दिली होतीस. त्याच्याजवळ मी तेवढंही ठेवलेलं नाही. तू सांगितलंस तर तो मानेल.

राघोत्तम राव